हौशी लेखकांच्या गटात एखाद्याची कथा आवडली नाही तर खरं सांगावं, की ‘छान झालीये’ म्हणून सोडून द्यावं?

तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं: तुमचा हौशी कथालेखकांचा गट आहे, ठरलेल्या दिवशी जमून एकमेकांना कथा वाचून दाखवता. वाचन संपलं की सगळे ‘वा, मस्त’ म्हणतात आणि पुढच्याची पाळी येते. मागच्या बैठकीत तुम्ही एका मैत्रिणीला सांगितलंत की कथेचा उत्तरार्ध रेंगाळतो. तेव्हापासून ती तुमच्याशी तुटक वागते आहे, आणि बाकीचे म्हणतात, ‘अहो, छंद आहे हा, परीक्षा थोडीच आहे?’

खरं सांगावं, असं माझं मत आहे. मात्र सांगण्याआधी विचारावं, आणि कथा कशी आहे याचा निकाल न देता ती ऐकताना आपलं काय झालं ते सांगावं. मी अशाच एका गटात बरीच वर्षं आहे. वाचूनही दाखवते आणि ऐकतेही. याच मुद्द्यावरून चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ‘खरं’ का हवं, ते. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला. काही जणांना सगळ्यांच्या ओळखीच्या गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली. समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्म्या वेळा तरी ओळखतील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द, सूर, वाद्यं, सगळं चालू असतं. समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते.

कथा लिहिणाऱ्याचं नेमकं हेच होतं. नायिकेने पत्र का फाडलं हे लिहिणारीला पक्कं ठाऊक असतं, कारण त्या पात्राचं सगळं बालपण तिने मनात रचलेलं असतं. त्यातलं कागदावर किती उतरलं हे तिला स्वतःला कळूच शकत नाही, कितीही वेळा वाचलं तरी. ते फक्त अशा माणसाला कळतं ज्याला त्या बालपणातलं काहीच माहीत नाही. म्हणजे तुम्हाला. आणि तुम्ही ‘छान’ म्हणून उठलात, तर जी गोष्ट तिला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळणार नव्हती तीच तुम्ही सोबत घेऊन गेलात.

सरसकट कौतुकाचा आणखी एक तोटा असतो, तो गटातल्या सगळ्यात चांगल्या लिहिणाऱ्यांना बसतो. ज्या दिवशी कोणी खरोखर अंगावर काटा आणणारी कथा वाचतं, त्या दिवशी आपल्याकडे म्हणायला काय उरतं? तेच ‘मस्त’, जे गेल्या वेळच्या घाईघाईत लिहिलेल्या पानांनाही मिळालं होतं. मेहनत घेणाऱ्या माणसाला हे लवकर उमगतं, आणि तो हळूहळू यायचा बंद होतो.

तरी तुमच्या गटातले लोक ‘छंद आहे’ म्हणतात त्यातही तथ्य आहे. छंदाच्या जागी माणसं वेगवेगळ्या गोष्टी शोधत येतात. कोणाला लिहिणं सुधारायचं असतं. कोणाला दिवसभराच्या कामानंतर दोन तास आपल्यासारख्या माणसांत बसायचं असतं. कोणी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काही चारचौघांत वाचत असतं आणि त्याचे हात थरथरत असतात. एखादीने नुकत्याच गेलेल्या माणसाबद्दल लिहिलेलं असतं. या सगळ्यांना एकाच तराजूत तोलणं मला अन्यायाचं वाटतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी फक्त जे भिडलं तेवढंच सांगते. ते खोटं नसतं, अपुरं असतं, आणि पुढचं पुढच्या वेळी सांगता येतं.

म्हणून आधी विचारायचं. ‘नुसतं ऐकवायचं होतं, की काय पोचलं ते सांगू, की दुरुस्तीच्या दृष्टीने बोलू?’ एवढा एक प्रश्न. अनेकांना तो अवघडल्यासारखा वाटतो, पण लेखकाला त्याने किती मोकळं वाटतं हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. मग उत्तर मानायचंही. कोणी म्हणालं, ‘आज फक्त ऐका,’ तर फक्त ऐकायचं, नंतर चहाच्या वेळी गाठून ‘तसं एक सांगायचं होतं’ करायचं नाही.

वेळेचंही भान लागतं. कथा उद्या स्पर्धेला पाठवायची असेल तर आज ‘मुळात निवेदकच बदलायला हवा’ हे सांगून काय साधणार? तेव्हा जे रात्रीतून दुरुस्त होईल तेवढंच बोलावं: नाव एका जागी चुकलंय, तारखा जुळत नाहीत. छापून आलेल्या कथेबद्दल तर कोणी विचारल्याशिवाय दुरुस्त्या सुचवूच नयेत. ती आता वाचकांची झाली. तुम्हाला वाटलं ते वाचक म्हणून जरूर सांगा, पण ‘असं करायला हवं होतं’ याला आता जागा नाही.

आता कसं सांगायचं. माझ्या मते सगळं इथेच ठरतं.

‘उत्तरार्ध रेंगाळतो’ हे तुमचं वाक्य खोटं नसेलही. पण ते निकालासारखं कानावर पडतं आणि त्यातून लेखिकेच्या हाती काही लागत नाही. नेमकं कुठे? कशामुळे? तिला वाटणार, अर्धी कथा फुकट गेली. त्याऐवजी असं सांगून बघा: ‘ती पत्र फाडते तिथपर्यंत मी पूर्ण कथेत होतो. मग भाऊ आला तेव्हा हा कोण, आधी कुठे आला होता, हे आठवत बसलो, आणि तिथून पुढचं पानभर माझं लक्ष उडालं. स्टेशनवरच्या प्रसंगात पुन्हा सापडलं.’ यात तुम्ही कथेला नावं ठेवलेली नाहीत. यावर कोणी वाद घालू शकत नाही, कारण तुमचं लक्ष कधी उडालं हे तुम्हालाच माहीत. आणि लेखिकेला एका क्षणात कळतं की भावाचा उल्लेख आधी कुठेतरी करायला हवा, किंवा तो मुळात नकोच. उत्तरार्ध रेंगाळत नव्हताच कदाचित. पूर्वार्धात एक ओळ कमी होती.

ऐकणारा ‘कुठे’ अडखळला हे जवळजवळ नेहमी बरोबर सांगतो, पण ‘का’ आणि ‘मग काय करावं’ यात तो हमखास चुकतो. म्हणून उपाय सुचवताना हात आखडता घ्यावा. ‘शेवटी नायिकेला परत आणा ना’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपण आपल्या मनातली कथा लेखिकेच्या कथेवर चढवत असतो. लेखिकेला कदाचित नायिका परत यायला नकोच असेल. अर्थात तिने स्वतः विचारलं, ‘तुम्ही काय केलं असतं?’, तर मनापासून सांगावं.

काय काय सांगता येतं? कुठे गोंधळ झाला, कुठे पुढे काय होणार ते आधीच कळलं, कुठे एखादं पात्र असं बोलेल हे पटलं नाही, कुठे हसू आलं आणि ते यायला हवं होतं का. आणि कुठे अंगावर आलं, हेसुद्धा तितक्याच नेमकेपणाने. कौतुक नेमकं असलं की ते लेखकाच्या कामाला येतं. ‘भाषा सुंदर आहे’ यातून काही कळत नाही; ‘आजोबा काही न बोलता चष्मा पुसतात तिथे मला त्यांचा राग कळला’ हे ऐकल्यावर लेखकाला आपली ताकद कुठे आहे ते समजतं, आणि पुढच्या मसुद्यात तो ती जागा खोडत नाही. कितीतरी लोक सुधारणेच्या भरात आपल्या सगळ्यात चांगल्या ओळी कापून टाकतात, कारण त्या चांगल्या आहेत असं कोणी त्यांना सांगितलेलंच नसतं.

आधी गोड बोलायचं, मधे टीका सरकवायची, शेवटी पुन्हा गोड, हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. एकदोनदा झालं की माणूस कौतुक ऐकतच नाही, ‘पण’ कधी येतोय याची वाट बघत बसतो. आवडलेलं खरं असेल तर ते स्वतंत्रपणे, पूर्ण वेळ देऊन सांगावं.

आणि बोलणं कथेबद्दलच राहावं, लिहिणाऱ्याबद्दल होऊ नये. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये प्रतिसादाच्या परिणामांवरचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले, एकूण ६०७ निष्कर्ष. सरासरी पाहिली तर प्रतिसादाने काम सुधारत होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते उलट बिघडलं होतं. त्यांची मांडणी अशी, की प्रतिसादामुळे माणसाचं लक्ष हातातल्या कामावरून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की त्याचा उपयोग घटतो. ‘तुम्हाला संवाद जमत नाहीत’ हे वाक्य माणसाला स्वतःकडे वळवतं. ‘या दोघांचे संवाद ऐकताना कोण बोलतंय ते मला कळेना’ हे पानाकडे. आणि ‘तुम्ही जन्मजात लेखिका आहात’ हेही मला त्याच कारणाने धोक्याचं वाटतं, ऐकायला कितीही गोड असलं तरी.

आपल्या आवडीनिवडीही आधीच सांगून टाकाव्यात. मला भयकथा फारशा भावत नाहीत. हे मी म्हणते, मग बोलते, आणि ऐकणाऱ्याला माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते ठरवता येतं.

‘कौतुक चारचौघांत, टीका एकांतात’ असाही एक नियम सांगतात. पाहुणे असतील, किंवा गटात असं बोलायचं ठरलेलंच नसेल, तर तो पाळावा. पण सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल तर मला चारचौघांत बोललेलं जास्त बरं वाटतं. एकाला जिथे कंटाळा आला तिथे दुसरी म्हणते, ‘मला तर तोच भाग आवडला.’ एकांतात सांगितलं असतं तर लेखकाने एकाच माणसाच्या मताला सगळ्या वाचकांचं मत समजून तो भाग काढून टाकला असता.

तुमच्या गटाला खरंच काही पद्धत हवी असेल तर दोन जुन्या पद्धती बघण्यासारख्या आहेत. अमेरिकेत १९५६ साली विज्ञानकथा लेखकांची मिलफर्ड कार्यशाळा सुरू झाली. तिथल्या पद्धतीत प्रत्येक जण पाळीपाळीने, मधे कोणी न बोलता, आपलं म्हणणं मांडतो. लेखक तोवर गप्प राहतो आणि सगळ्यांचं झाल्यावर बोलतो. याने वादावादी टळते आणि मितभाषी माणसालाही पाळी मिळते. दोष असा, की लेखकाला ज्याची चिंता आहे त्याबद्दल कदाचित कोणी बोलतच नाही. लिझ लर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास वेगळी रीत बसवली. आधी सगळ्यांनी काय भावलं, काय मनात राहिलं ते सांगायचं. मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो. मग बाकीचे त्याला प्रश्न विचारतात, पण त्या प्रश्नात मत लपलेलं नसावं. ‘शेवट इतका घाईत का?’ हा प्रश्न चालत नाही, ‘शेवट वाचकाला किती वेगाने जाणवावा असं तुमच्या मनात होतं?’ हा चालतो. मत सगळ्यात शेवटी, तेही ‘अमुक गोष्टीबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?’ असं विचारून. नको म्हणायची मुभा कलाकाराला असते.

आमच्या गटात आम्ही दोन्हींतलं थोडं थोडं घेतलंय: वाचण्याआधी लेखक आपले एकदोन प्रश्न सांगतो, वाचल्यावर गप्प बसून सगळ्यांचं ऐकतो. मला हे सगळ्यात मानवतं, कारण ऐकणाऱ्यांना काय ऐकायचं ते आधीच माहीत असतं.

ऐकून घेणाऱ्याचाही शिष्टाचार असतो, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. समजावून सांगायची ऊर्मी आवरणं हा त्यातला सगळ्यात कठीण भाग. ‘नाही, ती पत्र यासाठी फाडते की...’ हे वाचकाला घरी जाऊन सांगता येणार नाही, म्हणून इथेही सांगण्यात अर्थ नसतो. लिहून घ्यावं, आभार मानावेत, चार दिवस जाऊ द्यावेत. तिघे जण एकाच जागी अडखळले तर ती जागा बघावी, मग त्यांनी सुचवलेले उपाय तिन्ही चुकीचे असले तरी. बाकी काय घ्यायचं, काय सोडायचं हा हक्क लेखकाचाच. सुचवलेलं केलं नाही म्हणून कोणी रुसू नये. आणि आपल्या कथेवर बोललेल्या माणसाची कथा आली की हिशेब चुकता करणं, हे गट मोडण्याचं मी पाहिलेलं सर्वात मोठं कारण आहे.

राहिली तुमची मैत्रीण. जे म्हणालात ते मागे घेऊ नका. ‘तसं काही नाही, कथा छानच होती’ म्हणालात तर यापुढे तुमच्या कौतुकावरही तिचा विश्वास बसणार नाही. पण तुम्ही तिला आधी विचारलं नव्हतं, एवढं तिच्याजवळ मोकळेपणाने बोला. सांगा, ‘मी न विचारता बोललो आणि मोघम बोललो. तुला हवं असेल तर कथा पुन्हा नीट वाचून नेमकं कुठे अडखळलो ते सांगतो. नको असेल तरी काही हरकत नाही.’ ती नको म्हणाली तर विषय तिथेच थांबवा. हो म्हणाली तर कथा खरोखर पुन्हा वाचा, आणि काय आवडलं त्याच्याही जागा शोधून ठेवा.

गटाला मात्र लगेच नियम सांगायला जाऊ नका. पुढच्या बैठकीत तुमची स्वतःची, अजून अर्धीकच्ची असलेली कथा घेऊन जा. वाचण्याआधी सांगा: ‘मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. बापाचा राग खरा वाटतो का, आणि तुमचं लक्ष कुठे उडालं?’ मग पेन काढा आणि गप्प बसून लिहून घ्या.