टेप लावल्यावर आधी खालचाच रंग फिरवा

तुम्ही विचारलंय की घरी कॅनव्हासवर ॲक्रिलिक रंगांनी त्रिकोण-चौकोनांची नक्षी रंगवताना टेपखाली रंग शिरतो, कडा फाटक्या दिसतात, तर काय करावं. मी दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. माझे पहिले दोन कॅनव्हास असेच गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॅनव्हास शेवटी विणलेलं कापड आहे. टेप कितीही दाबली तरी धाग्यांच्या खाचांतून पातळ रंग आत सरकतोच. म्हणून टेप लावली की तिच्या कडेवरून आधी खालचाच रंग फिरवायचा. खाली पांढरं असेल तर पांढरा, पिवळं असेल तर पिवळा. फटींमध्ये हा रंग जाऊन बसतो, वाळतो आणि वाट बंद होते. आत शिरला तरी दिसत नाही, खाली तोच तर आहे. तो वाळला की मग हवा तो निळा-लाल द्या, दोन पातळ हात. एकच जाड हात देऊ नका, टेप काढताना त्याची साल निघते.

टेप हार्डवेअरच्या दुकानातली, गाडी रंगवणारे वापरतात ती मास्किंग टेप. लावण्याआधी एकदा अंगातल्या सदऱ्यावर चिकटवून काढा, म्हणजे चिकटपणा थोडा मरतो. मग चमच्याच्या पाठीनं कड दाबत न्या. रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, टेप मागे दुमडून, हळूहळू ओढा.

आखणीला १२ × १६ इंचांचा कॅनव्हास फार सोयीचा. त्याचा कर्ण बरोबर २० इंच येतो. दोन्ही कर्ण दोऱ्यानं मोजा. सारखे नसतील तर फ्रेमच तिरकी आहे. गवंडी पाया आखताना तीन-चार-पाचचा काटकोन धरतात, तोच हा हिशोब. चार-चार इंचांवर खुणा केल्या की बारा चौकोन पडतात, प्रत्येकात एक कर्ण मारला की चोवीस त्रिकोण. पेन्सिल अगदी हलकी धरा, पिवळ्या रंगातून काळी रेघ वर दिसते.

आता खरी मेख. शेजारशेजारचे दोन त्रिकोण एकाच दिवशी होत नाहीत. आज एकाआड एक रंगवायचे, रात्रभर वाळू द्यायचे आणि उद्या त्या वाळलेल्यांवर टेप लावून मधले घ्यायचे. इथे घाई केली की कालचा रंग टेपेबरोबर उचलून येतो. रंग तीन-चारच ठेवा. सय्यद हैदर रझांची चित्रं बघा, त्रिकोण आणि बिंदू यांच्यावर त्यांनी किती उभं केलं! मुंबईला जाण्याआधी ते आपल्या नागपूरच्या कलाशाळेत शिकले, याचा मला फार आनंद वाटतो.

आपल्याकडच्या उन्हाचंही सांगायला हवं. मे महिन्यात मी टिनाच्या खोलीत टेप लावलेला कॅनव्हास दोन दिवस तसाच ठेवला. टेप निघाली, पण डिंक कापडावरच राहिला आणि तो खरवडताना रंगही गेला. तेव्हापासून उन्हाळ्यात पहाटेच बसतो आणि त्याच बैठकीत टेप काढतो. ॲक्रिलिक रंग ताटलीत दहा मिनिटांत साय धरतो, म्हणून ताटलीत ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. पंखा बंद ठेवा, नाहीतर अंगणातली धूळ ओल्या रंगावर येऊन बसते.

तयार कॅनव्हास गावात मिळत नसेल तर अडून राहू नका. सुताराकडून चौकट करून घ्या, त्यावर मांजरपाट ताणून मागून बारीक खिळे मारा आणि भिंतीच्या पांढऱ्या ॲक्रिलिक प्रायमरचे दोन हात द्या. मधे बारीक पॉलिश पेपर फिरवा. खाचा जितक्या बुजतील तितकी टेप नीट बसेल. माझी तीन चित्रं अशाच मांजरपाटावर आहेत, बैठकीत लावली आहेत. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डबीत राहू द्या; आमच्या घरी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलाची शिंगं त्यातूनच रंगतात.