तवशाचं बी घरचंच ठेवा, पण निवडून

तवशाबद्दल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मोठ्या पावसाळी काकडीबद्दल, लांजा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे: "माहेरून आणलेल्या तवशाचं बी तीन वर्षं लावतेय. आधी हातभर लांब, जाड सालीची तवशी यायची. यंदा काही वेलांना आखूड फळं धरली आणि दोन तर कडूजहर निघाली. शेजारच्या चिबडामुळे बी बाटलं असं सासूबाई म्हणतात. आता विकतचं बी आणू का?"

ताई, हे बी सोडू नका. चिबूड हे खरबुजाच्या जातीचं फळ, त्याचा यात काही दोष नाही. चिबूड आणि तवसं एकाच मांडवावर चढवलं तरी त्यांचा संकर होत नाही. तवसं ही मात्र काकडीच आहे, त्यामुळे आसपास कुणी कोशिंबिरीची संकरित काकडी लावली असेल तर मधमाश्या तिचे पराग तुमच्या वेलावर आणतात. प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटसाठी दोन जातींमध्ये ५०० मीटर अंतर ठेवतात. आपल्या वाडीत एवढं अंतर कुठून मिळणार?

परक्या परागानं त्याच वर्षीचं फळ कडू होत नाही, कारण गर आईवेलाचाच असतो. फरक पडतो तो आतल्या बियांत, आणि दिसतो पुढच्या पावसाळ्यात. श्रावणात मोठी उघडीप पडून वेलाला ताण बसला तरी देठाकडे कडवटपणा येतो. फळ सगळंच कडू असेल तर ते खाऊ नका, शिजवूनही नको, पोट बिघडतं. आणि त्या वेलाचं बी धरू नका.

खरी चूक बहुतेक घरांत एकच होते. चांगली तवशी आपण खातो, पाहुण्यांना देतो, आणि शेवटी वेलावर राहिलेलं वाकडं फळ बियाला ठेवतो. त्याऐवजी सुरुवातीलाच चार-पाच निरोगी, ठेवणीतल्या फळांचे वेल हेरा. प्रत्येक वेलावरचं एक कोवळं फळ देठाकडून चाखून बघा. गोड निघालं तरच त्या वेलाचं पुढचं फळ बियाला राखा.

परागीभवन हातानं केलंत तर उत्तमच. फुलामागे काटेरी लव असलेलं इवलं तवसं दिसतं ती मादी, नुसता बारीक देठ असतो तो नर. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी टोकाशी पिवळसर दिसते. नर-मादी दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्यानं हलकी बांधा. सकाळी नराच्या पाकळ्या काढून त्याचे पराग मादीच्या मध्यभागी टेकवा, मादी पुन्हा बांधा आणि देठाला लाल चिंधी लावा. ती चिंधी दिसली की घरातलं कुणी ते फळ कोशिंबिरीला तोडणार नाही.

फळ वेलावरच पूर्ण पिकून तांबूस-पिवळं होऊ द्या. तोडल्यावर दहा-पंधरा दिवस घरात ठेवा. मग उभं चिरून बुळबुळीत गरासकट बी भांड्यात काढा, थोडं पाणी घालून एक-दोन दिवस आंबू द्या. तरंगणारं बी फोल, ते टाका. तळाचं धुऊन सावलीत वाळवा. वाळलेलं बी वाकवलं तर कट्‌कन मोडतं. लवत असेल तर आणखी वाळू द्या. राखेत घोळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि वर वर्ष लिहा.

लावणी मिरगाच्या पावसावर करा. आळं खड्ड्यात नको, उंचवट्यावर करा. जांभ्याच्या जमिनीतही पाणी तुंबलं की मूळ कुजतं. शेणखत मिसळून आळ्यात चार बिया टोचा, पुढे दोनच रोपं ठेवा.

मालवणकडच्या एका शेतकरीदादांनी आंब्याचा फळमाशी सापळा मांडवाला टांगला, तरी कोवळी तवशी सडून गळताहेत. दादा, आंब्यावरची माशी वेगळी, वेलवर्गीय पिकांवरची वेगळी. आंब्याच्या सापळ्यातलं मिथाईल युजेनॉल हिला ओढत नाही. हिच्यासाठी क्यू-ल्युअरची गोळी मागून घ्या. डंख झालेली फळं बांधावर टाकू नका, अळ्या मातीत उतरून त्यांच्या माश्या होतात. खोल पुरा. बियाला राखलेल्या फळाला कोवळं असतानाच कागदी पिशवी घाला, पावसानं भिजली की बदला.

पिकलेल्या तवशाचं काय करायचं, हेही काहींनी विचारलंय. साल न दुखावता, देठासकट काढून केळीच्या सोपानं वाशाला टांगलं तर दिवाळीपर्यंत सहज राहतं. गणपतीत मूर्तीवर फळं-पानं टांगायच्या माटवीला लागतंच. धोंडस, म्हणजे तवशाचा निखाऱ्यावर भाजलेला गोड केक, करायचं तर मधला बियांचा भाग काढून बाकीचं किसा, पण कीस पिळू नका. तांदळाचा भाजलेला रवा त्याच पाण्यात भिजतो. एक वाटी रव्याला दोन वाट्या कीस, पाऊण वाटी गूळ, ओलं खोबरं, वेलची, चिमूट मीठ. तळाशी हळदीचं पान, खाली-वर निखारे. काढलेला मधला भाग फेकण्याआधी देठाला लाल चिंधी होती का ते मात्र बघा.