वाचकांचे प्रश्न, डेस्कवरची उत्तरं

प्रश्न : ११ जुलै २००६ च्या लोकलमध्ये माझे दीर होते. जीव वाचला, पण डाव्या कानाने आजही ऐकू येत नाही. दर वर्षी २६ नोव्हेंबरला सगळ्या वाहिन्यांवर ताज दाखवतात, आमच्या गाड्यांचं नावही कुणी काढत नाही. आमची माणसं स्वस्त होती का? (एक वाचक, नालासोपारा)

ताई, त्या मंगळवारी मी एका दैनिकात रात्रपाळीला होतो आणि पहिलं पान माझ्याकडे होतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा थोडा तरी रोख माझ्यावर येतोच.

संध्याकाळी ६.२४ ते ६.३५. अकरा मिनिटांत सात गाड्यांत बॉम्बस्फोट, सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. मोबाइल लागत नव्हते. आमचा वार्ताहर भाभा रुग्णालयाबाहेरच्या एका दुकानातल्या फोनवरून नावं सांगत होता, आणि मी ती लिहून घेत होतो. एक आडनाव त्याने तीनदा सांगितलं, कारण मला ते ऐकायचंच नव्हतं; त्याच नावाचा माझा एक मित्र विरारला राहायचा. (तो नव्हता.) रुळांशेजारच्या वस्तीतल्या लोकांनी चादरींच्या झोळ्या करून जखमींना उचलून नेलं, ही बातमी मी आतल्या पानावर टाकली. पहिल्या पानावर जागा नव्हती. आज वाटतं, तीच पहिल्या पानावर हवी होती.

दुसऱ्या दिवशी गाड्या धावल्या. त्या रात्री मी मथळा दिला, ‘मुंबई पुन्हा रुळावर’. कोटी साधली म्हणून वृत्तसंपादकांनी चहा पाजला. सकाळी बोरिवलीहून एका गृहस्थांचा फोन आला. आवाज चढवला नाही, नाव सांगितलं नाही. म्हणाले, “साहेब, रुळावर कोण येणार नाही? दहाला हजेरीचं मस्टर आत जातं. माझा शेजारी मेलाय आणि मी ऑफिसात बसून तुमचा पेपर वाचतोय.” फोन ठेवून दिला त्यांनी. ‘मुंबईचं स्पिरिट’ हे शब्द त्यानंतर मी बातमीच्या कुठल्याही कॉपीत ठेवले नाहीत. बाकीच्यांच्या कॉपीतूनही काढायचो, त्यावरून भांडणं व्हायची.

आता ताजचं. लोकलमध्ये मेलेल्यांची संख्या १८० च्या वर, जखमी ८०० हून जास्त. २६/११ मध्ये १६६ माणसं गेली. म्हणजे आकड्यांवर हे ठरत नाही. ठरतं ते कॅमेऱ्याच्या सोयीवर. लोकलचे स्फोट अकरा मिनिटांत संपले, रात्रीत डबे बाजूला झाले, दाखवायला उरलं काय? ताजसमोर थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन उभ्या करायला मोकळी जागा होती, घुमट होता, धूर होता, आणि हे साठ तास चाललं. शिवाय निवेदन करणाऱ्यांपैकी बरेच जण त्या हॉटेलात जेवलेले होते. सीएसटीच्या मेन लाइनच्या हॉलमध्ये गाठोड्यावर डोकं टेकून गाडीची वाट बघितलेली नव्हती.

कारण २६/११ च्या आतही हेच झालं. सर्वांत जास्त माणसं सीएसटीवर मेली, पन्नासच्या वर. तिथला गोळीबार पहिल्याच रात्री संपला आणि कॅमेरे कुलाब्याकडे वळले. रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे घोषणाकक्षातून न हलता प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडा सांगत राहिले, हे लोकांना कळायला पुढे दिवस जावे लागले. ३ डिसेंबरला गेटवेवर हजारोंच्या संख्येने लोक मेणबत्त्या घेऊन जमले. त्यांचा राग खराच होता, त्याची टिंगल मी करणार नाही. पण लोकलचा स्फोट झालेल्या माहीम स्टेशनवर तशी गर्दी जमली नव्हती, एवढं तुमचं म्हणणं खरं आहे.

२१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने लोकल स्फोटांतल्या सगळ्या आरोपींची शिक्षा रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यावर स्थगिती आणली, सुटलेले बाहेरच राहिले. एकोणीस वर्षांनी ‘मग केलं कुणी?’ हा प्रश्न पुन्हा पहिल्या जागी. त्यावर किती दिवस चर्चा चालल्या, तुम्हीच आठवा.

एक धंद्यातली गोष्ट सांगतो. ११ जुलैला सकाळी पत्र पाठवू नका, पान आदल्या रात्रीच लागलेलं असतं. पाच तारखेपर्यंत शहर आवृत्तीकडे द्या. श्रद्धांजली लिहू नका, ती कापली जाते. दिरांनी कानाचं मशीन किती वेळा बदललं, भरपाईसाठी किती खेपा झाल्या, आता ते कुठल्या डब्यात चढतात, एवढं लिहा.

प्रश्न : कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद करणं म्हणजे माहितीच्या हक्कावर गदा नाही का? (पत्रकारितेचा विद्यार्थी, नांदेड)

नाही. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी, हल्लेखोर शिरलेल्या नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना आख्ख्या देशाने पाहिले, आणि पाकिस्तानात फोन कानाला लावून हल्लेखोरांना सूचना देणारेही टीव्हीच बघत होते. कसाबच्या अपिलावरील २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना यावरून खडे बोल सुनावले. २०१५ पासून केबलच्या नियमांतच आलं : कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्याची पुन्हा आठवण करून दिली. दोर कुठल्या गच्चीवर सुटतोय हे तुला नांदेडमध्ये त्याच मिनिटाला कळलं नाही, तर तुझं काय अडतं रे?

मला खटकतं ते दुसरंच, आणि त्याला नियम नाही. त्याच शुक्रवारी सीएसटीवर पुन्हा गोळीबार झाल्याची आवई पडद्यावर आली आणि लोक कचेऱ्यांतून पळत सुटले. गोळीबार नव्हताच. आणि अंत्ययात्रेत मृताच्या बायकोपुढे माइक धरून ‘आपको कैसा लग रहा है’. हे अभ्यासक्रमात तर शिकवत नसतील, मग शिकतात कुठे?

प्रश्न : दंगल टळावी म्हणून सरकारने खोटं सांगितलं तर पत्रकाराने काय करावं? (निवृत्त शिक्षक, सांगली)

सर, तुमचा रोख १२ मार्च १९९३ कडे असणार. मुंबईत स्फोट बारा, मृत २५७. मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवर झाले त्यापेक्षा एक स्फोट जास्त सांगितला आणि त्यात मुस्लिमबहुल मशीद बंदर घातलं, म्हणजे एकाच धर्माचे लोक लक्ष्य झालेत असं कुणाला वाटू नये. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. तेव्हा डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींना दोन महिनेही उलटले नव्हते.

मी नवखा उपसंपादक होतो. टीव्हीवर एक आकडा आणि वार्ताहरांच्या वहीत त्याहून एक कमी. मशीद बंदरला पाठवलेला माणूस घामाघूम होऊन परतला आणि म्हणाला, तिकडे दुकानं उघडी आहेत. मुख्य उपसंपादक पाच मिनिटं पेन्सिल चावत बसले. मग मथळ्यात आकडा नकोच म्हणाले, ‘स्फोटमालिकेने मुंबई हादरली’ एवढंच गेलं. त्या मथळ्याबद्दल आम्हाला कुणाचा फोन आला नाही.