साखर मोजता येते, मग ट्रोपोनिन का नाही?

प्रश्न : ग्लुकोमीटरवर काही सेकंदांत साखर कळते. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगणारे ट्रोपोनिन हे प्रथिन तितक्याच सहजपणे घरी का मोजता येत नाही?

उत्तर : लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स या संशोधकांनी १९६२ मध्ये विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक अभिक्रिया घडवून आणणारे प्रथिन) आणि इलेक्ट्रोड (विद्युतप्रवाह टिपणारे टोक) एकत्र आणण्याची कल्पना मांडली. ग्लुकोमीटरची पट्टी तिचीच वंशज आहे. पट्टीवरील विकर ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेते, मध्यस्थ रसायन ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवते आणि मिळणाऱ्या विद्युतप्रवाहावरून साखरेचे प्रमाण ठरते.

ग्लुकोज स्वतःच या अभिक्रियेत भाग घेते आणि रक्तात ते लिटरमागे सुमारे १ ग्रॅम असते. ट्रोपोनिनचे तसे नाही. त्याला इलेक्ट्रोडवर बसवलेल्या प्रतिपिंडाने (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारे प्रथिन) पकडावे लागते, मग विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्यावर चिकटवून संकेत निर्माण करावा लागतो, आणि हे सारे लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या सूक्ष्म प्रमाणात साधावे लागते. खरी अडचण मला पुढे दिसते : रक्तात अल्ब्युमिनसारखी प्रथिने लिटरमागे कित्येक ग्रॅम असतात, ती इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर चिकटतात आणि खरा संकेत झाकोळतात.

शिवाय ट्रोपोनिनचा एकच आकडा बहुधा पुरत नाही. काही तासांनी पुन्हा मोजून बदल पाहावा लागतो आणि सोबत ईसीजीही लागतो. त्यामुळे छातीत दुखत असेल तर कोणत्याही उपकरणाची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.