पक्षिनिरीक्षण : प्रश्न वाचकांचे

प्रश्न : सप्टेंबरअखेरीस उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या बाजूला, एक लहानसा करडा-पांढरा पक्षी उथळ पाण्यात पोहता पोहता स्वतःभोवती गिरक्या घेत होता. ग्रुपवर एकाने त्याला लाल मानेचा फॅलारोप ठरवलं, दुसऱ्याने छोटा टिलवा. फोटो लांबून काढलेला, अंधुक आहे. आम्ही काय समजावं? – एक वाचक, इंदापूर

उत्तर : पोहत होता आणि गिरक्या घेत होता, एवढ्यावरून टिलवा जवळजवळ बाद होतो. टिलवा चिखलावर आणि पाण्याच्या कडेने टिपत फिरतो, पाण्यावर तरंगत बसत नाही. तरी ‘फॅलारोप’ असं नोंदवण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, लाल मान शोधू नका. तो रंग विणीच्या काळातला आहे आणि आपल्याकडे तो क्वचितच पाहायला मिळतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणारे पक्षी बरेचदा त्याच वर्षी जन्मलेले असतात. त्यांची पाठ काळपट तपकिरी असते आणि तिच्यावर लांब पिवळसर रेघा उठून दिसतात. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याची हिवाळी पाठ करडी, पण तिच्यावरही पांढऱ्या रेघा असतातच. दुसरी गोष्ट डोळ्याची. डोळ्यापासून मागे कानापर्यंत गेलेला, किंचित खाली झुकलेला काळा पट्टा बाकी चेहरा पांढरा असल्याने लांबूनही दिसतो. तिसरी, चोच. काळी, सरळ, सुईसारखी बारीक आणि लांबीला साधारण डोक्याएवढी. चौथी गोष्ट तो उडाला तरच कळेल : गडद पंखावर स्पष्ट पांढरी पट्टी.

खरी गल्लत होते ती त्याच्याच भावाशी, म्हणजे लाल फॅलारोपशी. हिवाळ्यात त्याची पाठ रेघांशिवाय सपाट, फिकट करडी असते. चोच जाड असते आणि तिच्या मुळाशी पिवळसर छटा असू शकते. तो आपल्याकडे याहूनही दुर्मीळ. म्हणून पाठीवरच्या रेघा आणि चोचीची जाडी या दोन गोष्टी लिहिल्याशिवाय नोंद अर्धवटच समजा. मार्श सँडपायपर हा दुसरा एक पाणकाठचा पक्षीही कधीमधी पोहतो, पण त्याचे पाय लांब आणि हिरवट असतात, चेहऱ्यावर काळा पट्टा नसतो.

तुमच्या फोटोत काळा पट्टा आणि पाठीवरच्या रेघा दिसत असतील तर अंधुकपणाची फिकीर नको. दिसत नसतील तर ‘फॅलारोप, जात निश्चित नाही’ असं नोंदवा. त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : हा पक्षी समुद्रावरचा म्हणतात. मग उजनीवर कसा? आणि गिरक्या कशासाठी? – एक वाचक, बारामती

उत्तर : समुद्रावरचा हे बरोबर, पण वर्षातले काही महिनेच. वीण उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रामधल्या डबक्यांकाठी होते. तिथे मादी नराहून भडक रंगाची असते आणि अंडी उबवणं, पिलं सांभाळणं हे सगळं नराच्या गळ्यात. हिवाळा मात्र खुल्या समुद्रात जातो. स्कँडिनेव्हियातले पक्षी अरबी समुद्रात येतात, हे त्यांच्या अंगावर बसवलेल्या, प्रवासाची नोंद ठेवणाऱ्या छोट्या यंत्रांवरून कळलं आहे. गंमत म्हणजे स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवरून २०१२ साली असंच यंत्र घेऊन गेलेला एक पक्षी थेट दक्षिण अमेरिकेजवळच्या प्रशांत महासागरात पोचला होता. अरबी समुद्राकडे जाणारे काही पक्षी वाटेत जमिनीवरच्या जलाशयांवर आणि मिठागरांवर उतरतात. म्हणून ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर आणि पुन्हा परतीच्या वेळी, एप्रिल-मेमध्ये, नजर ठेवावी.

गिरकीमुळे वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं पाणी वर येतं. त्यासोबत बारीक कीटक, अळ्या, झिंग्यासारखे सूक्ष्म जीव वर येतात. त्यापुढची करामत चोचीची. भक्ष्य असलेला पाण्याचा थेंब चोचीच्या टोकाशी धरायचा आणि चोच थोडी उघडायची, थोडी मिटायची. थेंब पृष्ठताणाच्या, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणून धरणाऱ्या बळाच्या जोरावर टप्प्याटप्प्याने तोंडाकडे सरकतो. पाण्यावर तेलाचा किंवा साबणाचा तवंग असेल तर हा पृष्ठताण बिघडतो आणि भरल्या ताटावर पक्षी उपाशी राहतो. डिझेल गळणारी होडी अशा पक्ष्याभोवती फिरवू नये, त्याचं हे एक साधं कारण.

प्रश्न : नावाडी म्हणतात, अगदी जवळ नेतो. किती जवळ जावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : मीटरमध्ये उत्तर देण्यापेक्षा पक्ष्याकडे पाहा. फॅलारोप मुळात धीट असतो, माणसाला फारसा बुजत नाही, आणि इथेच गोम आहे : तो उडत नाही म्हणून आपण पुढेच सरकत राहतो. टिपणं थांबलं, मान ताठ झाली, किंवा तो सतत तुमच्यापासून लांब पोहू लागला की तुम्ही जास्तच जवळ आलात. इंजिन लांबच बंद करायला सांगा, पुढे बांबूने रेटा. सरळ त्याच्यावर होडी न नेता तिरकी न्या आणि सूर्य पाठीशी ठेवा. एका वेळी एकच होडी. पैसे नावाड्याला वेळेचे द्यावेत, ‘किती जवळ नेलं’ याचे नव्हेत. अर्ध्याहून जास्त त्रास तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, फॅलारोपची नोंद टाकली, पण ती ‘अपुष्ट’ राहिली. का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या भागात, त्या महिन्यात अपेक्षित नसलेली जात टाकली की ती तपासणीला जाते. तपासणारे स्वयंसेवकच असतात. ‘छान दिसला’, ‘मित्राने ओळखला’, ‘फोटो आहे’ यातून त्यांना काहीच हाती लागत नाही. वर सांगितलेल्या खुणा तुमच्या शब्दांत लिहा : पाठ कशी, चोच कशी, चेहरा कसा, काय करत होता, अंतर किती, उजेड कुठून होता आणि कोणती जात कशावरून बाद केली. हे जागेवरच, पुस्तक उघडण्याआधी वहीत उतरवा, कारण चित्र पाहिल्यावर डोळ्यांना नसलेल्या रेघाही दिसू लागतात. फक्त फोटोवर विसंबलात तर भरवशाच्या म्हशीला टोणगा ठरलेलाच.

फोटो टाकताना व्हॉट्सॅपवरून आलेला वापरू नका, तो आकसलेला असतो. मूळ फाइल कापून घ्या आणि रंग वाढवू नका. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी तपासा, चुकीच्या तारखेमुळे चांगल्या नोंदी वाया जातात. आकडा न देता नुसती फुली टाकू नका, एकच पक्षी दिसला तर ‘१’ लिहा. आणि उजनीभर फिरून एकच यादी बनवू नका. भिगवण, डिकसळ, पळसदेव अशा प्रत्येक ठिकाणाची वेगळी यादी ठेवा. नाहीतर पक्षी नेमका कुठे होता ते पुढच्या माणसाला कळतच नाही.

प्रश्न : पट्टकादंबाच्या (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या हंसाच्या) गळ्यात अक्षरं लिहिलेला पट्टा दिसला. कोणाला कळवावं? – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला). पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं-आकडे आणि ते वरून खाली की खालून वर वाचले, हे सगळं लिहा. मंगोलियात असे पट्टे घातलेले पट्टकादंब आपल्याकडे याआधी दिसलेले आहेत. इंग्रजी ‘बी’ आणि ८, ‘ओ’ आणि शून्य यांत घोळ होतो. शंका असेल त्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने भरू नका. तुतारीवर्गीय, म्हणजे टिलव्यासारख्या पाणकाठच्या पक्ष्यांच्या पायावर रंगीत फीत असेल तर पाय डावा की उजवा आणि फीत सांध्याच्या वर की खाली, तेही हवं.

प्रश्न : दुर्बीण आहे. आता टेलिस्कोप घ्यावा की मोठी लेन्स? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : पाणपक्षीच पाहायचे असतील तर टेलिस्कोप. ६५ ते ८० मिमीची भिंग आणि २० ते ६० पट मोठं दाखवणारी आयपीस (डोळ्याकडचं भिंग) पुरते. पण हलक्या तिपाईवर ६० पट म्हणजे नुसती थरथर. पैसे तिपाईवर आधी घाला, आणि ३० पटांवर पाहायची सवय ठेवा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा तापून लाटांसारखी हलते. तेव्हा कोणतीही लेन्स कामाची नाही. सकाळी लवकर पोचा, नाहीतर ऊन कलल्यावर जा.