नाव झाकलेलं, तरी बिल ज्याचं त्यालाच

टिळकवाडीतल्या हॉस्टेलचं वाय-फाय बिलिंग हातात घेतलंयस, तर एक ऐक. यूजर-नेम बघून वापर जुळवू नकोस. ईएपीमध्ये, म्हणजे वाय-फायवर लॉगिन तपासायच्या पद्धतीत, बाहेरचं नाव बहुतेकांचं ‘अॅनॉनिमस’च असतं; खरं नाव आतल्या एन्क्रिप्टेड बोगद्यातून त्या त्या कॉलेजच्या मूळ सर्व्हरलाच दिसतं. निपाणीची आणि चंदगडची पोरं एकाच ओळीत गोळा होतील. मॅक पत्त्याच्या, म्हणजे फोनच्या नेटवर्क क्रमांकाच्या, तर नादालाच लागू नकोस, फोन तो बदलत राहतात.

यासाठीच 2006 मध्ये आरएफसी 4372 हे इंटरनेटचं मानक आलं. मूळ सर्व्हर अॅक्सेस-अॅक्सेप्टमध्ये, म्हणजे ‘याला आत घे’ या उत्तरात, सीयूआय (चार्जेबल यूजर आयडेंटिटी) हे 89 क्रमांकाचं अॅट्रिब्यूट पाठवतो. त्यावरून माणूस कळत नाही, पण त्याची सेशन्स एकत्र बांधता येतात. अॅक्सेस पॉइंट ते प्रत्येक अकाउंटिंग नोंदीत परत पाठवतोय का, हे स्वतः लॉग उघडून बघ.

खानापुरात मी मोठी चूक केली होती. पावसात लाईट गेली, राउटर पुन्हा चालू झाला आणि सेशन आयडी परत 00000001 पासून सुरू. दोघांचा वापर एकाच पोराच्या माथी बसला. पैसे परत केले, पण बिल हातात धरून दारात उभा राहिलेला तो पोरगा अजून डोळ्यांसमोर येतो. तेव्हापासून सेशन आयडीसोबत राउटरचा पत्ता आणि सुरुवातीची वेळही जुळवतो.

आणि गिगावर्ड्सचा रकाना विसरू नकोस. बाइट्सचा आकडा 32 बिटांचा, 4 जीबीनंतर पुन्हा शून्यावर येतो; असं किती वेळा झालं ते गिगावर्ड्समध्ये कळतं.

कॉलेजला हिशेब सीयूआयनुसारच पाठव. पोरांची नावं मागू नकोस.