अर्धवट राहिलेल्या क्विल्टचा ढीग असताना हाताने क्विल्टिंग करायला वेळ कसा काढावा?

तुम्ही लिहिलंय की एक क्विल्ट (तीन थरांची गोधडी) अर्धी होऊन कित्येक महिने हूपमध्येच (कापड धरून ठेवणाऱ्या गोल चौकटीत) अडकून आहे, तीन टॉप (क्विल्टचे वरचे थर) शिवून घडी करून ठेवलेत आणि पिशव्यांत ब्लॉक (टॉपसाठी तुकडे जोडून केलेले चौकोन) पडलेत ते वेगळेच. रात्री घेऊन बसावं तर डोळे मिटायला लागतात, सुटीला बसावं तर तासाभरात बोटं दुखतात. त्यावर दोन प्रश्न आणखी: सगळं मशीनवर उरकून टाकावं का, आणि जुनं संपेपर्यंत नवीन काढायचंच नाही हा नियम बरोबर आहे का.

माझं मत आधीच सांगते. वेळ कमी आहे हे खरं, पण तो सगळ्या ढिगाच्या हिशेबाने कमी आहे. हाताने करायची क्विल्ट एका वेळी एकच ठेवली, तर आहे तो वेळ पुरतो.

ढीग एकदा जमिनीवर काढा आणि कुठली वस्तू कुठल्या टप्प्यावर आहे एवढंच बघा. ब्लॉक जोडणं हे मशीन आणि इस्त्रीजवळचं काम आहे, त्याला पसारा मांडावा लागतो. टॉप, बॅटिंग (मधला मऊ थर) आणि अस्तर एकावर एक पसरून कच्चे टाके घालणं हे मोकळ्या जमिनीचं किंवा मोठ्या टेबलाचं काम, आणि ते मध्येच सोडता येत नाही. क्विल्टिंग, म्हणजे तिन्ही थरांतून पक्के टाके घालणं, मात्र मांडीवर होतं, गप्पा मारता मारता होतं आणि कुठल्याही टाक्याला थांबवता येतं. ही तिन्ही कामं एकमेकांचा वेळ खात नाहीत, कारण त्यांचा वेळच वेगळ्या प्रकारचा आहे. तुमच्या यादीत क्विल्टिंगच्या टप्प्यावर आलेली क्विल्ट एकच दिसते, ती हूपमधली. बाकीच्या सगळ्यांचं ओझं तुम्ही उगीच तिच्या डोक्यावर ठेवलंय.

आता तिला किती वेळ लागेल ते कागदावर मांडा. ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते क्विल्ट रखडतात त्या इथेच. समजा क्विल्ट ६० बाय ८० इंचांची आहे आणि दर २ इंचांवर उभ्या-आडव्या रेघा घालायच्यात. उभ्या ३० रेघा ८० इंचांच्या, आडव्या ४० रेघा ६० इंचांच्या. एकूण ४८०० इंच, म्हणजे ४०० फूट. इंचाला सात-आठ टाके धरले तर एक फूट रेघेला हात बसलेल्या माणसालाही साधारण पाव तास लागतो. झाले १०० तास. रोज अर्धा तास दिला तर २०० दिवस, आणि तेसुद्धा एकही खाडा न करता. हा आकडा बघून घाबरू नका, त्याच्याशी घासाघीस करा. रेघांमधलं अंतर २ ऐवजी ४ इंच केलं की काम थेट निम्म्यावर येतं. आधी ठरवलेलं नक्षीकाम म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

किती विरळ गेलेलं चालेल हे मात्र बॅटिंगवर ठरतं, आपल्या मनावर नाही. पाकिटावर ‘इतक्या इंचांपर्यंतच्या अंतराने टाके घाला’ असं छापलेलं असतं. काही बॅटिंगना दोन-तीन इंचांवर टाका लागतोच, नाहीतर धुतल्यावर आत गोळे होतात. काहींना आठ-दहा इंच अंतरही चालतं. पाकीट फेकून दिलं असेल तर दोन-तीन इंचांच्या पुढे जाऊ नका.

दुसरी सोय म्हणजे मोठा टाका. साधा क्विल्टिंगचा दोरा सोडून ८ नंबरचा पर्ल कॉटन (भरतकामाचा जाडसर दोरा) घ्यायचा, मोठ्या नेढ्याची भरतकामाची सुई घ्यायची आणि इंचाला तीन-चार टाके घालायचे. टाके उठून दिसतात, मुद्दाम तसे घातलेले वाटतात आणि काम फार भरभर पुढे सरकतं. बारीक टाक्यांचा अभिमान बाळगणारे याला नाकं मुरडतात, पण मुरडू देत. ठळक रंगांच्या, मोठ्या तुकड्यांच्या क्विल्टला हाच टाका जास्त शोभतो. फक्त अर्ध्या क्विल्टवर बारीक टाके असतील तर मध्येच मोठे सुरू करू नका. हवं तर मधला भाग बारीक आणि कडेचा पट्टा मोठ्या टाक्यांचा अशी विभागणी करा, ती बघायला वाईट दिसत नाही.

मशीनवर उरकावं का? काही क्विल्ट, हो, बिनदिक्कत. प्रत्येक टॉप हाताच्या टाक्याच्या लायकीचा नसतो आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. रोज धुतली जाणारी, लहान मुलांनी ओढत न्यायची क्विल्ट मशीनवर जाऊ दे. कापडही बघा. बाटिकचं कापड घट्ट विणीचं असतं, सुई त्यात अडते. अस्तर म्हणून जाड, दाट विणीची चादर लावली असेल तरी तेच. खूप बारीक तुकड्यांच्या टॉपमध्ये जागोजागी शिवणीची माया (शिवणीपलीकडे सोडलेलं कापड) दुमडलेली असते आणि हाताने टाका घालताना प्रत्येक वेळी ते चार-पाच पदर आडवे येतात. असे टॉप हाताने करायला घेतले की बोटं दुखणारच, आणि दुखणारं काम माणूस टाळतो. हातासाठी ठेवा तो मऊ सुती कापडाचा, मोकळ्या जागा असलेला टॉप, जिथे टाक्यांची नक्षी दिसेल. तीनपैकी असा एखादाच निघेल.

हूपमधली क्विल्टही याच नजरेने तपासा. दुखणं कापडाचं नसून अवजाराचं असेल तर ते सुधारता येतं. ‘बिटवीन्स’ नावाच्या आखूड सुया मिळतात. त्यांत नंबर जितका मोठा तितकी सुई लहान, त्यामुळे कुणीतरी सांगितलं म्हणून एकदम १२ नंबर घेऊ नका, ८ किंवा ९ घ्या. मधल्या बोटाला अंगुस्तान (सुई ढकलायची टोपी) हवंच. सुरुवातीला ते अडचणीचं वाटतं, चार दिवसांत त्याच्याशिवाय चुकल्यासारखं होतं. आणि हूपमध्ये कापड तबल्यासारखं ताणू नका. बोटाने दाबलं तर थोडं खाली जाईल इतकं सैल ठेवलं की सुईला खालच्या हाताच्या बोटाने उचलून झोका देता येतो आणि एका दमात तीन-चार टाके सुईवर चढतात. ताणलेल्या कापडावर एकेक टाका वर-खाली काढत बसावं लागतं. तुमचा अर्धा वेळ इथेच जात असेल असा मला दाट संशय आहे. शिवणीलगत क्विल्टिंग करत असाल तर रेघ शिवणीपासून पाव इंचाहून किंचित जास्त लांब घ्या. माया बहुतेक पाव इंचाचीच असते, त्यामुळे ते जाड पदर टळतात.

आता रोजचं बसणं. ‘अर्धा तास बसेन’ असं ठरवण्यापेक्षा ‘एक दोरा संपवेन’ असं ठरवा. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत, साधारण १८ इंच. यापेक्षा लांब घेतला तर कापडातून परत परत ओढला जाऊन पिंजतो आणि गाठी पडतात. एक दोरा म्हणजे साधारण पंधरा-वीस मिनिटं. गाठ बारीक मारायची, सुई अर्धा इंच अलीकडून बॅटिंगमधून रेघेवर काढायची आणि दोऱ्याला हलका हिसका द्यायचा. पुट् असा आवाज येऊन गाठ आत जाते. जोरात ओढलं तर ती टॉपमधून पार निघून येते, म्हणून कापडावर दुसऱ्या हाताचं बोट टेकवून ठेवा. दोरा संपला आणि मन असेल तर दुसरा घ्या, नसेल तर उठा.

उठण्याआधी मात्र पुढचे चार-पाच दोरे ओवून, गाठी मारून सुया टाचणीच्या उशीत लावून ठेवा. रात्री डोळे मिटतात ते टाके घालताना क्वचितच. नेढ्यात दोरा ओवायचा कंटाळा आधी येतो. रात्री जमलं नाही तर सकाळच्या उजेडात हे ओवण्याचं काम दोन मिनिटांत होतं. दिवा डाव्या बाजूला ठेवा (डावखुऱ्यांनी उजव्या), म्हणजे हाताची सावली रेघेवर पडत नाही. आणि क्विल्ट कपाटात ठेवू नका. जिथे तुम्ही एरवी बसता त्या खुर्चीशेजारच्या टोपलीत कात्री, अंगुस्तान आणि सुयांच्या उशीसकट ती हाताशी हवी. कपाट उघडून काढायच्या वस्तूला वेगळा मुहूर्त लागतो.

सुटीच्या दिवशी हे काम करूच नका असं मी म्हणेन. लागोपाठ तीन तास टाके घातले की दुसऱ्या दिवशी कामाला बोट लावता येत नाही आणि मग आठवडा तसाच जातो. सुटीचा मोकळा वेळ थर जोडायला आणि कच्चे टाके घालायला वापरा, म्हणजे हूपमधली संपेल तेव्हा पुढची तयार असेल.

जे बाजूला राहणार आहे ते नीट ठेवा, कारण ‘थोडे दिवस’ म्हणता म्हणता वर्ष जातं. हूप काढूनच क्विल्ट ठेवायची, नाहीतर गोल वळ पडतो आणि तो मळाने पक्का होतो. सेफ्टी पिनांनी थर जोडले असतील तर त्या काढून कच्चे टाके घाला. पिना आणि सुया कापडात राहिल्या की गंजाचे डाग पडतात, आणि ते जात नाहीत. मास्किंग टेप लावून रेघ पाळत असाल तर दिवसाचं काम झालं की टेप काढा, चिकटा उरतो. खुणेच्या पेनांचंही तसंच. पाण्याने जाणाऱ्या निळ्या खुणेवर इस्त्री फिरली तर ती कायमची बसू शकते, आणि उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाच्या रेघा कडक थंडीत परत उमटू शकतात. म्हणून सगळी क्विल्ट एकदम आखायची नाही. हूपमध्ये येईल तेवढीच आखायची, शक्यतो खडूने किंवा बोथट टोकाने घडी उमटवून. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाका: पुढची पायरी कोणती, दोरा कुठला, नक्षी कशी. परत उघडल्यावर पहिला तासभर हेच आठवण्यात जातो.

राहिला नवीन न काढण्याचा नियम. मला तो फारसा पटत नाही. कापड कापणं आणि ब्लॉक जोडणं यातली मजा वेगळी आहे, ती बंद केली की सगळा छंदच शिक्षेसारखा वाटायला लागतो आणि जुनंही होत नाही. नवीन ब्लॉक खुशाल शिवा. नियम करायचाच असेल तर हूपपुरता करा: एक क्विल्ट कडेच्या गोटासकट पूर्ण झाल्याशिवाय दुसरी हूपमध्ये चढवायची नाही. आणि पिशव्यांतले जे ब्लॉक आता बघवतसुद्धा नाहीत, ते ज्याला हवेत त्याला देऊन टाका. आवड बदलते, आणि पाच वर्षांपूर्वी निवडलेले रंग आज आवडलेच पाहिजेत असं कुठे आहे?